ज्याच्या दारापुढे गाडी

पुष्कळ वर्षांमागची ही गोष्ट. किती वर्षांमागची, ते मोजून ठेवणारं आता कोणी उरलेलं नाही. एका गावाच्या नदीवर राजाचे दोन शिपाई घोड्यांना पाणी पाजत होते. जवळच मथुरा नावाची कुंभारीण हंडा घासत होती. हंडा केव्हाच लखलखीत झाला होता, तरी ती घासतच होती, कारण शिपायांचं बोलणं कानावर येत होतं.

एक शिपाई दुसऱ्याला सांगत होता, “महाराज या गावाला पाण्याचा हौद देणार आहेत. आठ दिवसांत कारभारी पाहणीला यायचेत. ज्या आळीत दारापुढे गाडी उभी असेल, आणि...”

एवढ्यात घोडा खोल पाण्यात शिरला. शिपाई त्याच्यामागे धावला. दोघं ओरडत, भिजत पलीकडच्या काठाला लागले आणि निघून गेले. मथुरेने हंडा भरून डोक्यावर घेतला. पुढचं काही तिला ऐकायला मिळालं नाही.

आता हौदाची बातमी एवढी मोठी का, ते सांगते. मथुरा राहायची त्या आळीत विहीर होती, पण तिचं पाणी खारट. डाळ शिजायची नाही, तहान भागायची नाही. गोडं पाणी आणायचं तर नदीवर जायचं आणि हंडा डोक्यावर घेऊन चढ चढून यायचं. तरण्या बायका कशातरी चढायच्या. मथुरेच्या घरासमोर सगुणाबाई राहायची, तिचे मात्र हाल होते. ती एकटी बाई. तेलाचा घाणा चालवायची. तिचे दोन्ही गुडघे धरलेले होते. एका हंड्यासाठी ती वाटेत चार ठिकाणी बसायची. गेल्या उन्हाळ्यातच तिने सांगून टाकलं होतं, की आणखी एक वर्ष काढीन, पाणी जवळ आलं तर ठीक, नाहीतर घाणा उचलून जिथे पाणी असेल तिथे जाईन. सासऱ्यांच्या वेळचं घर, सोडवत नव्हतं. पण गुडघ्यांना घराची माया कुठून असणार?

मथुरेने घरी येऊन नवऱ्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ‘आणि’ म्हणून शिपाई थांबला, पुढचं आपण ऐकलं नाही, हेही सांगितलं. नवरा म्हाळू कुंभार चाकावर माती चढवत होता. त्याने शेजारच्या सुताराला सांगितलं. सुताराने कासाराला सांगितलं. कासाराने तेल घेता घेता सगुणाबाईला सांगितलं. तिच्यापर्यंत बातमी पोचली ती अशी: ज्याच्या दारापुढे गाडी, त्याच्या दारापुढे हौद.

आता गंमत बघा. म्हाळू आणि सगुणाबाई यांच्यात गेली सहा वर्षं गाडीवरूनच वाजत होतं. म्हाळूच्या दारापुढे उतार होता. तिथे गाडी उभी केली की घरंगळायची. म्हणून तो ती समोर, सगुणाबाईच्या भिंतीला लावायचा. तिचा बैल आत-बाहेर करताना अडायचा, तिळाची पोती आणणारे अडायचे. रोज सकाळी ती दारात उभी राहून म्हणायची, “म्हाळूभावजी, तुमच्या गाडीला माझ्या घरची सून करून घेऊ का? उठली की इथंच दिसते.” म्हाळू म्हणायचा, “वहिनी, सुनेला दागिना म्हणून घाणा दिलात तर बघू.” मग तो कुरकुरत गाडी हातभर सरकवायचा. संध्याकाळी पुन्हा ती तिथेच.

पण बातमी आली त्यानंतरच्या सकाळी सगुणाबाई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी म्हाळूने पाहिलं, तर गाडी भिंतीपासून सरकून बरोबर तिच्या उंबऱ्यासमोर आली होती, आणि चाकांना दोन्हीकडून दगड लावलेले होते.

त्याला काय समजायचं ते समजलं. त्याने दगड काढले, गाडी ओढत आपल्या दारासमोर आणली, आणि उतारावर घरंगळू नये म्हणून चाकाखाली फुटक्या रांजणाचं बूड घातलं. मथुरा त्याला म्हणाली, की राजाच्या कचेरीत जाऊन शिपायाला उरलेलं वाक्य विचारून या, अर्ध्या दिवसाची तर वाट आहे. म्हाळू म्हणाला, “विचारायला गेलो म्हणजे आपल्याला पुरतं माहीत नाही हे आळीला कळेल. आणि माझ्यामागे सुतार येईल, त्यालाही फुकट कळेल. गप्प बसावं.”

आळीतल्या प्रत्येक घरात हेच बोलणं झालं असावं, कारण कोणीच विचारायला गेलं नाही.

सगुणाबाईने बहिणीच्या गावाहून एक गाडी मागवली. सुताराने मेहुण्याची आणली. विणकराने गिऱ्हाइकाची मागून घेतली, दोन दिवसांत देतो म्हणून. कासाराला कुठेच गाडी मिळाली नाही. त्याने उकिरड्यावरचा एक मोडका सांगाडा आणला, एका बाजूला चाक लावलं, दुसऱ्या बाजूला विटा रचल्या, आणि वरून कापड टाकलं.

त्या आळीत एक जुनी रीत होती. गाडीचं जू कोणाच्या दाराकडे करायचं नाही. ज्याच्या दाराकडे जू, त्याच्या घरावर ओझं येतं, असं म्हणायचे. त्यामुळे गाड्या कायम भिंतीलगत, आडव्या न करता लांबीत उभ्या असायच्या. ही रीत घालून देणाऱ्याने काय मनात धरलं होतं कोण जाणे, पण त्यामुळे आळीतून जायला यायला वाट राहायची, एवढं खरं.

आता मात्र लांबीत लावलेली गाडी दोन घरांच्या मधे दिसते, ती नेमकी कोणाच्या दारापुढची हे कारभाऱ्याला कसं कळणार, अशी शंका निघाली. ती पहिल्यांदा कोणी काढली यावर पुढे खूप दिवस वाद चालला. म्हाळूने गाडी फिरवली. गाडीची पाठ आपल्या उंबऱ्याला टेकवली आणि जू समोर. ते थेट सगुणाबाईच्या दाराकडे गेलं. तिने ते पाहिलं. तिनेही माणसं लावून आपली गाडी फिरवली. तिची पाठ तिच्या उंबऱ्याला, जू म्हाळूच्या दाराकडे. दोन्ही गाड्यांच्या दांड्या आळीच्या मधोमध एकमेकींत शिरल्या, जशा दोन जणांनी बोटांत बोटं अडकवावीत.

ते बघून बाकीच्यांनीही तेच केलं.

मग त्या आळीत कसं झालं म्हणता? सगळी घरं नुसती दारात. जेवायचं तर ताट घेऊन उंबऱ्यात बसायचं. कोणी शेजाऱ्याच्या गाडीजवळून गेलं की आतून खोकला ऐकू यायचा. अंघोळीला गेलेला माणूस ओल्या अंगाने बाहेर डोकावायचा, की गाडी आहे ना जागेवर. मूल रडलं तर आईने आधी खिडकीतून चाकाकडे पाहायचं आणि मग मुलाकडे. विणकराची दोन दिवसांची मुदत संपली, गाडीवाला भांडून गेला, तरी गाडी हलली नाही. म्हाळूची मडकी बाजाराला जायची होती, ती अंगणात राहिली. सगुणाबाईची तिळाची पोती आळीच्या तोंडाशी उतरली, आणि गुडघे दुखत असताना ती बाई सुपासुपाने तीळ घरी नेऊ लागली, गाड्यांच्या खालून वाकून.

तिचा म्हातारा बैल हे सगळं बघत होता. घाणा बंद असल्यामुळे त्याच्या डोळ्यांवरची झापडं काढलेली होती. दुपारी तो म्हाळूच्या एका बैलाला म्हणाला, “मी जन्मभर एका खुंट्याभोवती फिरलो, कुठेच पोचलो नाही. पण संध्याकाळी निदान तेल तरी निघायचं.”

म्हाळूचा बैल रवंथ करत राहिला. त्याला चार दिवस सुट्टी मिळाली होती, त्याची तक्रार नव्हती.

एकदा मथुरा मधे पडली होती, तेही सांगायला हवं. ती सगुणाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, की वहिनी, हौद तुमच्या दारात झाला काय आणि माझ्या दारात झाला काय, मधे दहा पावलं. सगुणाबाई जरा विरघळली. खरं म्हणजे तिलाही ते दिसत होतं. पण ती म्हणाली, “मथुरे, दहा पावलं तुझ्या पायांनी मोजलीस. आणि तुझ्या दारात हौद आला म्हणजे म्हाळूभावजी त्याच्यावर मडकी वाळत घालतील. सहा वर्षं मी त्यांची गाडी बघितलीय.” मथुरा उठून घरी आली, कारण म्हाळूने तसं केलंच असतं.

आठव्या दिवशी कारभारी आले. बरोबर दोन शिपाई, मोजायची दोरी घेतलेला एक माणूस, आणि पाणी आणायच्या खापरी नळांनी भरलेली एक बैलगाडी. आळीच्या तोंडाशी ती गाडी थांबली. पुढे जायला जागाच नव्हती. जिकडे बघावं तिकडे जुवं आणि दांड्या. कासाराचा सांगाडा तर नेमका तोंडाशीच होता, कापड पांघरून.

कारभारी वयस्क होते, चढ चढून दमलेले. त्यांनी शांतपणे सांगितलं, की वाट मोकळी करा, आम्हाला आत यायचं आहे.

सगळे हात जोडून उभे राहिले. जागचं कोणी हललं नाही. सुतार म्हणाला, आधी कासाराची काढा. कासार म्हणाला, माझीला एकच चाक आहे, ती निघत नाही, सुताराची काढा. विणकर म्हणाला, माझी दुसऱ्याची आहे, मला हात लावता येत नाही. शिपायांनी शेवटी म्हाळूला पुढे केलं. म्हाळूची गाडी मागे जाणार नव्हती, मागे उंबरा होता. पुढे येणार नव्हती, पुढे सगुणाबाईची दांडी होती. दोघांपैकी एकाने आपलं जू उचलून बाजूला घ्यावं, एवढंच काम होतं. पण ज्याने आधी उचललं त्याच्या दारापुढची गाडी गेली.

मथुरा म्हाळूला खुणावत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. सगुणाबाई जुवावर हात ठेवून उभी होती. तिचे ओठ एकदा हलले, पण मग तिनेही समोर पाहिलं, आणि समोर म्हाळू उभाच होता.

कारभारी थोडा वेळ थांबले. ऊन चढलं. त्यांनी प्यायला पाणी मागितलं. कोणीतरी घाईत विहिरीचं दिलं. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं आणि लोटा परत दिला.

“तुम्हाला हौदाची फार गरज आहे,” ते म्हणाले. “पण खापरी नळांच्या शंभर गाड्या आत न्यायच्यात. मग रोज पाणी नेणारी माणसं, गुरं, पखाली. म्हणून महाराजांनी सांगितलं होतं, ज्या आळीत दारापुढे गाडी उभी असेल आणि तिच्या शेजारून दुसरी भरलेली गाडी जाईल, तिथेच हौद बांधा. तुमची आळी मागच्या वेळी मी पाहिली होती. तेव्हा जात होती.”

एवढं बोलून ते वळले. पलीकडच्या आळीत गेले. तिथे घरं कमी होती, गरजही कमी होती. पण तिथे गाडी जात होती.

म्हणजे मथुरेने ऐकलं ते खोटं नव्हतं. राजा हौद देणार होता, आणि गाडी दारापुढे असण्याचीही अट होतीच. खरं होतं ते अर्धंच होतं.

आपल्या आळीतल्या गाड्या सुटायला चार दिवस लागले. दोन दांड्या मोडल्या. मग प्रत्येकजण आपली गाडी दुसऱ्याच्या भिंतीला लावायला तयार होता, पण आता कोणी तशी लावून घेत नव्हतं.

दिवाळीच्या आधी पलीकडच्या हौदात पाणी आलं. त्याच आठवड्यात सगुणाबाईने त्या आळीत एक खोली पाहिली. म्हाळू तिच्याकडे गेला. अवघडून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, की वहिनी, घर सोडू नका, हौदावरून पाणी मथुरा आणेल, मी आणीन.

“आणाल हो,” सगुणाबाई म्हणाली. “आज आणाल. पण भावजी, त्या दिवशी नुसतं जू उचलायचं होतं. ते तुम्हालाही जमलं नाही, मलाही जमलं नाही. आता कोणाच्या भरवशावर राहू? तुमच्या, की माझ्या?”

म्हाळूनेच आपल्या गाडीतून तिचा घाणा पोचवला. दोन खेपा झाल्या. ती जाताना कडीला कुलूप लावून गेली, भांडली नाही, रडलीही नाही.

त्या संध्याकाळी म्हाळू रिकामी गाडी घेऊन परत आला. समोर दार बंद होतं. भिंत मोकळी होती, उंबरा मोकळा होता. आता तिथे हवी तशी, हवा तेवढा वेळ गाडी उभी करता येणार होती, आणि सकाळी दारात येऊन कोणी काही म्हणणार नव्हतं. म्हाळू बैलांची वेसण धरून बराच वेळ रस्त्यातच उभा राहिला. गाडी कुठे लावावी ते त्याला सुचेना.

तर लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: दुसऱ्याला जायला जो वाट ठेवत नाही, त्याच्याकडे येणारं सुखही वेशीवरून परत जातं.