वांग्याचं शेत आणि खालचा डोह

ही फार जुनी गोष्ट. माणसं नदीचं पाणी ओंजळीनं पीत, त्या काळातली.

नदीकाठी कोंडाजी नावाचा शेतकरी वांगी लावत असे. त्याच्या शेताच्या खालच्या अंगाला एक डोह होता. तिथे म्हाळसा नावाची भोईण मासे धरून पोट भरी.

एका वर्षी वांग्यांना कीड लागली. एका फिरत्या व्यापाऱ्यानं कोंडाजीला विषारी मुळ्यांची भुकटी दिली. कोंडाजीनं ती पाण्यात कालवून झाडांवर शिंपडली. दोन दिवसांत कीड मेली. खूश होऊन त्यानं उरलेली भुकटीही शिंपडून टाकली. मग मोठा पाऊस झाला आणि शेतातलं पाणी ओघळीनं नदीला मिळालं.

चौथ्या दिवशी म्हाळसा टोपली घेऊन बांधावर आली. टोपलीत मेलेले मासे होते, बोटभर पिल्लंसुद्धा.

"दादा, हे जाळ्यात सापडले नाहीत. पाण्यावर तरंगत होते."

"मावशी, मी नदीत काहीच टाकलं नाही. औषध माझ्या शेतात मारलं."

"मग शेतातलं पाणी कुठं जातं, ते दोघं बघून येऊ."

दोघं ओघळीच्या काठानं चालत गेली. वाटेत बेडूक मरून पडले होते. डोहात काहीच हलत नव्हतं. त्या दिवशी कोंडाजीला जेवण गेलं नाही.

महिन्याभरात कीड परत आली, ती दुप्पट. तिला खाणारे बेडूक उरले नव्हते, की नदीच्या पाण्यात वाढणारे चतुर कीटक. व्यापारीही परत आला. कोंडाजीनं त्याला प्यायला पाणी दिलं, पण भुकटी घेतली नाही.

त्यानं ओघळीचं तोंड बुजवलं. शेत आणि नदी यांच्यामध्ये गवताचा रुंद पट्टा राखला. किडकी वांगी तो हातानं वेचू लागला. काम संपता संपेना. तिसऱ्या दिवशी म्हाळसा दोन्ही सुनांना घेऊन वेचणीला आली.

"मावशी, तुमचं तर मी नुकसान केलं."

"केलंत. पण वांगी पिकली नाहीत तर तुम्ही पुन्हा त्या व्यापाऱ्याची वाट बघाल. त्यापेक्षा आम्ही वेचू लागतो."

त्या हंगामात वांगी निम्मीच निघाली. पुढच्या पावसाळ्यात मात्र काठावर बेडूक ओरडू लागले आणि तिसऱ्या वर्षी डोह माशांनी भरला. आता कोंडाजी वांगी घेऊन डोहावर जाई आणि मासे घेऊन परते. म्हाळसा पाण्यात पाय सोडून बसलेली असे.

"या, बसा," ती म्हणे. "पिल्लं पायाला लुचतात. बरं वाटतं."

तात्पर्य: आपल्या शेतातलं विष बांधाशी थांबत नाही, म्हणून खाली कोण जगतं याचा विचार करूनच माणसानं आपलं पीक राखावं.