झिलू गुरवाचा शेवटचा कौल

खाडीचं पाणी देवळाच्या पायरीला लागत होतं, त्या काळची ही गोष्ट. कातळकोंड गावात झिलू नावाचा गुरव होता. गावाला पेच पडला की तो देवीच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवी, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हा कौल मिळाल्यावाचून गावात सोयरीक ठरत नसे, की होडी समुद्रात जात नसे.

झिलूचं काळीज मऊ होतं. विचारणाऱ्याला काय हवं आहे, ते त्याला चेहऱ्यावरूनच कळे. मग एका पाकळीला पाणी कमी लागे, अंगठा हलका पडे. घाबरलेल्याला धीर देणं हेही देवीचंच काम, असं तो धरून चाले.

एका सकाळी होड्या निघायच्या होत्या. होडी हाकणाऱ्या बाबल तांडेलाची बायको येसू दिवस भरलेली होती. तिनं तोंडानं काही मागितलं नाही, नुसतं पाहिलं. झिलूनं डावी पाकळी पाडली. होड्या काठावर राहिल्या, आणि दुपारी असं वादळ उठलं की, असं म्हणतात, खाडीतले मासे माडांच्या शेंड्यांत अडकले. सारा गाव झिलूच्या पाया पडला.

"झिलूकाका," बाबल म्हणाला, "आता माझ्या सासूक माहेराक धाडूची काय, तां पण देवी आईक विचारा!"

गाव हसला. झिलूला हसू आलं नाही. वादळाची त्याला काहीच चाहूल नव्हती. मग पाकळी पाडली कुणी, त्याच्या अंगठ्यानं की देवीनं? हा प्रश्न त्याच्या मनात रुतून बसला.

पुढच्या पावसाळ्यात त्याची लेक चंद्रा तापानं फणफणली. वैद्य खाडीपलीकडे. बाबलनं होडी तयार ठेवली, भरती होती. पण खाडीचा वारा पोरीला सोसेल का? झिलू देवळात गेला. आयुष्यात प्रथमच त्याला खरं उत्तर हवं होतं.

उजवी पडली. त्याला वाटलं, आपणच ती हलकी दाबली. त्यानं पुन्हा लावल्या. डावी पडली. आपण भ्यालो म्हणून ती पडली, असं वाटलं.

"पाणी उतराक लागला," दारातून बायको ओरडली. "होडी सोडूक सांगा!"

"थांब गो, माझो अंगठो लागलो. परत लावतंय."

तो लावत राहिला. शेवटी दोन्ही पाकळ्या पाषाणाला चिकटल्या आणि हलेनात. त्यानं हात जोडले, कपाळ आपटलं. बाहेर ओहोटीनं होडी चिखलात बसवली. पुढची भरती यायच्या आत चंद्रा गेली.

झिलू त्यानंतर देवळातून उठला नाही. तो नुसता पाकळ्यांकडे पाहत बसे. काही जण सांगतात, तो तिथंच वाळून गेला. काही सांगतात, पाषाणाच्या पायाशी जो लहान दगड आहे, तो झिलूच. पाकळ्या मात्र अजून पडल्या नाहीत, असं म्हणतात.

आजही कातळकोंडात आजाऱ्यासाठी कौल लावत नाहीत. देवळाखाली एक होडी कायम बांधलेली असते, वल्ह्यांसकट. तिच्यातून मासे धरत नाहीत. तिला झिलूची होडी म्हणतात. घरात कुणी तापलं की काही न विचारता ती सोडतात. कधी माणूस पलीकडे जिवंत पोचतो, कधी खाडीच्या मध्यावरच जातो. मग वल्हं मारणारे होडी वळवतात आणि देवळासमोरून येताना मान वर करून देवीकडे पाहत नाहीत.