झुरूचं राहून गेलेलं उत्तर

रेल्वेचे रूळ अजून लांब होते आणि त्या रुळांखाली घालायला साग हवा होता, तेव्हाची ही गोष्ट. इंद्रावतीकाठच्या रानात कुडमेर नावाचं आमचं माडिया गाव. गावामागे डोंगर, डोंगरावर साग, आणि सागाच्या मुळाशी एक झरा. अख्खं गाव त्याच झऱ्याचं पाणी प्यायचं.

गावात झुरू पुंगाटी राहायचा. लाकडाच्या वखारीवर राबून तो मराठी शिकला होता, त्यामुळे साहेब आला की गाव आणि साहेब यांच्या मधे झुरू. असं म्हणतात, तो बोलायला लागला की रानातलं हरीणसुद्धा थांबून ऐकायचं.

एकदा सरकारी साहेब आला, सोबत लाकडाचा व्यापारी. साहेब म्हणाला, "डोंगरावरचा साग तोडायचा आहे. कुणाची हरकत?" झुरूने ते गावाला सांगितलं. कुणीच बोललं नाही. आमच्यात रीतच तशी आहे. पाहुण्याचं पहिल्या दिवशी नुसतं ऐकायचं, मग घरोघरी बायामाणसांना विचारायचं, आणि उत्तर दुसऱ्या सकाळी द्यायचं. लगेच बोलणं म्हणजे पाहुण्याचा अपमान.

"काय म्हणतात?" साहेबाने विचारलं.

"काही म्हणत नाहीत, साहेब."

खोटं नव्हतं हो ते! पण साहेब लोकांत गप्प राहिलेला माणूस कबूल झाला असं धरतात, हे झुरूला ठाऊक होतं. 'उद्यापर्यंत थांबा' एवढंच म्हणायचं होतं. साहेबाची घाई बघून तेवढंच त्याच्याकडून राहून गेलं. साहेबाने कागदावर 'हरकत नाही' लिहिलं आणि ऊन उतरायच्या आत तो निघूनही गेला.

साहेब उत्तर ऐकायला परत येईल असं धरून दुसऱ्या सकाळी गाव जमलं. गायता, म्हणजे गावचा प्रमुख, उभा राहून म्हणाला, "खालच्या उताराचा साग न्या, झऱ्याभोवतीचा ठेवा. झुरू, सांग बाबा त्यांना." समोर कुणीच नव्हतं.

झुरू साहेबाच्या मागे धावत सुटला. असं म्हणतात, तीन दिवसांची वाट त्याने एका दिवसात कापली, आणि वाटेतल्या नद्या त्याच्यासाठी घोट्याएवढ्या झाल्या. साहेबाने कागद पुढे केला. "तूच सांगितलंस ना?"

डोंगर बोडका झाला. पुढच्या उन्हाळ्यात झरा आटला. डबक्याचं पाणी पिऊन गावातली चार लेकरं गेली, त्यातलं एक झुरूचं. गावाने त्याला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच त्याला सोसवलं नाही.

तो डोंगरावर गेला. तोडलेल्या एकेका बुंध्यावर हात ठेवून गावाचं उत्तर सांगत राहिला. असं म्हणतात, तो सांगायचा त्या बुंध्याला पालवी फुटायची. सात वर्षं तो खाली उतरला नाही. शेवटच्या बुंध्यापाशी त्याच्या डोईचं फडकं तेवढं सापडलं. साग पुन्हा उभा राहिला, झरा मात्र आला नाही. बाया अजून पाण्यासाठी दोन कोस चालतात.

अजूनही गावात कुणी साहेब आला की सगळ्यांत म्हातारी बाई आधी उठते आणि म्हणते, "आज आम्ही ऐकतो. झुरूसाठी उद्यापर्यंत थांबा." एखादा थांबतो. पुष्कळांच्या गाड्या दुपारीच निघून जातात. तरी दुसऱ्या सकाळी अख्खं गाव जमतं, आणि रिकाम्या जागेकडे तोंड करून आपलं उत्तर सांगतं.