हिरबाची बत्ती

"माझा भाऊ दर्यात हाका मारत होता, तेव्हा तुम्ही होडी का नाही लोटलीत?"

हिरबानं हे दारोदार जाऊन विचारलं.

फार फार मागची गोष्ट. किनाऱ्यासमोरच्या काळ्या खडपावर, पाण्यातल्या त्या खडकावर, तेव्हा दीपस्तंभाची तेलाची बत्ती होती. सोमा आणि त्याचा धाकटा भाऊ हिरबा ती सांभाळायचे. एका वादळात काच पुसताना सोमा पाण्यात पडला. हिरबा तेल आणायला गावात आला होता. तो होडीकडे धावला. किनाऱ्यावर धट्टीकट्टी माणसं उभी होती, हातात वल्ही होती. पण होड्यांचा म्होरक्या पोशा तांडेल आडवा आला.

"दर्याचो घास आसा तो. काढलो तर दर्या आमच्या घरात शिरतलो."

"आणि उद्या तुजो झील पडलो तर?" हिरबानं पोशाच्या मुलाकडे बोट दाखवलं.

"तेव्हा बघू."

चौघांनी हिरबाला वाळूत दाबून धरलं. हाका थांबेपर्यंत धरलं.

असं म्हणतात, दुसऱ्या दिवशी बत्तीच्या जिन्यावर, पहिल्या पायरीला ओलं पाऊल उमटलं. मग दुसरीला. मग तिसरीला, रोज एक पायरी वर. पुसलं तरी जाईना. पायऱ्या बावन्न होत्या. गावानं दारांना कड्या घातल्या. हिरबानं बत्तीचं दार उघडं ठेवलं.

पाऊल बावन्नाव्या पायरीला पोचलं, त्या दिवशी पुन्हा वादळ उठलं. पोशाची होडी खडपाकडे ओढली जात होती. आत पोशा, त्याचा मुलगा, सगळे मिळून अकरा जण. हिरबानं बत्ती लावलीच नाही.

"बुडा! दर्याचे घास तुम्ही!"

तेव्हा मागे पाणी ठिबकलं. गार, ओल्या बोटांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याच्याच हातानं काडी ओढली.

"दादा, ह्यांच्यासाठी?" हिरबा रडत ओरडला. बोटं सुटली नाहीत. असं म्हणतात, तेवढा उजेड त्या बत्तीनं कधी दिला नव्हता.

पण होडी तोवर फुटली होती. हिरबा शिव्या देत खाली धावला. दोराचं एक टोक खडपाला बांधलं, एक कमरेला, आणि उडी टाकली. केसांना धरून एकेकाला ओढलं. दहा जण बाहेर आले, पोशाचा मुलगाही.

त्या गावात आजही प्रत्येक घराच्या दर्याकडच्या भिंतीवर दोर टांगलेला असतो. त्याला हिरबा म्हणतात. कुणी बुडालं की आधी हिरबा फेकायचा, देवाला मागाहून हाक मारायची. दोराला लोक हात जोडतात. जोडा! तेव्हा ते हात कुठे होते?

अकरावा पोशा होता. हिरबा त्याच्यापर्यंत पोचला, तेव्हा दोघांना ओढण्याइतका जोर त्याच्यात उरला नव्हता. त्यानं आधी पोशाच्या थोबाडीत मारली. मग आपल्या कमरेचा दोर सोडून त्याच्या कमरेला बांधला.