साळू चिमणीचं दार

माणसाला कुलूप ठाऊक नव्हतं, तेव्हा रानातल्या सगळ्या पाखरांची घरटी सुगरणच विणायची. एकदा साळू चिमणी चारा घेऊन परतली, तर घरट्याचं दार शिवून टाकलेलं. आत पिल्लं भुकेनं कलकलत होती.

"दार मागे नेलंय," सुगरण कौतुकानं म्हणाली. "नवी पद्धत आहे."

"मागच्या फांदीवर मांजर बसतं. मला विचारायचं तरी."

"प्रत्येकीला विचारत बसले, तर सुधारणा कधी करू?"

मागचं दार काटक्यांनी बुजवून साळूनं जुन्या जागी चोचीनं भोक पाडलं. ते पाहून बुलबुल आणि होलेही आपल्याला हवं तिथं दार करायला आपापली घरटी उसवू लागले.

"माझी घरटी बिघडवताय तुम्ही," सुगरण रडकुंडीला येऊन म्हणाली.

पिल्लांना भरवता भरवता साळू म्हणाली, "विणलंस तू, बाई. राहायचं मात्र आम्हाला आहे."