टाकीतला नावाडी

फार वर्षांपूर्वी, कासारवेणीत नळ नुकतेच आले होते तेव्हा, तिथल्या नदीवर सटवातात्या नावाचा भोई नाव चालवायचा. माणसं, शेळ्या, वरातीतले बँडवाले, सगळ्यांना तो या काठावरून त्या काठावर सोडायचा. मग नदीवर पूल झाला. पहिल्या दिवशी सगळं गाव पुलावरून पलीकडे गेलं, आणि तिकडे काही काम नव्हतं म्हणून परत आलं. खाली तात्या रिकाम्या नावेत बसून त्यांना हात करत होता.

नगरपालिकेला वाईट वाटलं. गावात पाण्याची नवी उंच टाकी झाली होती, तिची राखण त्यांनी तात्याला दिली.

तात्यानं विचारलं, "साहेब, आत पाणी असतंय का?"

"असतं की."

"मग नाव लागंल."

साहेबांना जेवायला जायचं होतं, म्हणून ते हो म्हणाले.

नाव टाकीवर कशी चढली ते कुणी पाहिलं नाही. असं म्हणतात, की ती जिन्यानं गेली. तात्या पुढे, नाव मागे. मध्ये एकदा ती दम खायला थांबली.

टाकीच्या झाकणातून आत उन्हाचा एकच खांब पडायचा. तात्या त्याला वळसा घालत नाव वल्हवायचा, पाण्याला झोप लागू नये म्हणून. एखादं कबुतर आत आलं तर त्याला नावेत बसवून अदबीनं बाहेर सोडायचा. खाली नळाचं पाणीही वल्ह्याच्या लयीत पडायचं, चुबुक, चुबुक. पोरं नळाखाली आंघोळ करता करता झोपी जायची. आया त्यांना झोपेतच पुसायच्या.

आता एक पोत्याची गोष्ट सांगायला हवी. टाकीच्या उद्घाटनाला पाणी शुद्ध करायच्या पांढऱ्या पावडरीचं पोतं आलं होतं. नारळ फोडताना कुणीतरी त्यालाही हळदकुंकू वाहिलं आणि हार घातला. झालं! पूजा केलेलं पोतं फोडणार कोण? ते टाकीखालच्या खोलीत तसंच राहिलं. दसऱ्याला त्याला नवा हार मिळायचा.

मग गावात पाणी ओढायच्या मोटारी आल्या. पहिली नगराध्यक्ष बाजीरावअण्णांनी लावली, थेट नळालाच. शेजाऱ्याचा नळ सुकला, म्हणून शेजाऱ्यानं लावली. मग त्याच्या शेजाऱ्यानं. नळ आले की सगळं गाव गुरगुरायला लागायचं. गावचा पाइप जात होता गटाराशेजारून, आणि त्याला एक चीर पडली होती. टाकीतलं पाणी जोरात यायचं तोवर गटार बाहेर थांबायचं. पण मोटारी ओढायला लागल्या की पाइप आतून रिकामा व्हायचा, आणि चिरेतून गटार आत यायचं.

गावात कावीळ आली. माणसांचे डोळे झेंडूसारखे झाले. तात्याची बायको गोजरा, तीही अंथरुणाला खिळली.

"अवं," ती पडल्या पडल्या म्हणाली, "दिसभर त्या पाण्यात बसता, आन् मला हे पाजता?"

"टाकीतलं चांगलंय गं. वाटेत नासतंय."

"मग वाटेत जाऊन बघा की! का तिथंबी पूल बांधलाय?"

तात्या अण्णांकडे गेला. "अण्णा, मोटार काढा. माझी बायको जाईल."

"मी एकट्यानं काढून काय होणार? आधी शेजाऱ्याला सांग."

शेजारी म्हणाला, आधी त्याच्या शेजाऱ्याला सांग. असं करत तात्या गावभर फिरला, आणि शेवटच्या घरानं त्याला अण्णांकडे पाठवलं.

तेव्हा तो टाकीवर चढला, नावेत बसला आणि पाइपात शिरला.

असं म्हणतात, की टाकीपाशी पाइप रुंद होता, तिथे तात्या पुऱ्या मापाचा होता. बाजारात पाइप बारीक झाला, तिथे तात्याही बारीक झाला, नावही झाली. प्रवाहाशी वाद घालायची त्याला सवय नव्हती. आत हिरवा अंधार होता. वरून गावाच्या चपला वाजत होत्या. मधूनच कुणाच्या तरी नळाच्या तोंडातून चांदणीएवढा उजेड यायचा, आणि तात्या त्या उजेडाला रामराम करून पुढे जायचा.

त्या सकाळी घराघरातल्या नळातून आवाज आला, "मोटारी बंद करा! ओढलंत तर मीच येईन हंड्यात!"

अण्णांनी हंड्यात वाकून बघितलं. आत वल्ह्याचं टोक दिसलं. अण्णांनी मोटारीची वायर उपटली आणि ती हातातच घेऊन ते दुपारपर्यंत बसले. मग एकेक करत सगळ्या मोटारी बंद झाल्या, गाव गुरगुरायचं थांबलं.

तात्याला चीर सापडली. त्यानं तिच्यात नाव आडवी घातली आणि वर स्वतः बसला.

गोजरा भिंत धरत नळापाशी आली. "घावली का फट?"

"घावली."

"मग या की भाईर."

"कसा येऊ? उठलो की गटार आत येतंय."

गोजरा नळापाशीच खाली बसली. नळ थेंब थेंब गळत राहिला.

"भूक लागली का?" तिनं शेवटी विचारलं.

"न्हाई. पण तंबाखू हाय, आन् चुन्याची डबी घरीच ऱ्हायली बघ."

उकळलेलं पाणी पिऊन गोजरा हळूहळू उभी राहिली. डबी घेऊन टाकीपाशी गेली. टाकी एवढी, डबी एवढीशी. तिनं खालच्या खोलीतलं पोतं बघितलं, हार काढला आणि शिवण उसवली.

अण्णा धावत आले. "अगं, देव हाय तो!"

"असंना. माझा नवरा आत हाय."

तिनं पावडर टाकीत सोडली. थोड्या वेळानं गावातले सगळे नळ एकदम शिंकले.

"जरा कडक हाय," नळातून आवाज आला, "पण चालंल."

कावीळ गेली. गोजरा पुढे म्हातारी होऊन गेली. शेवटपर्यंत ती रोज नळाशी भांडायची, आणि भांडून झाल्यावरच हंडा भरायची.

आजही कासारवेणीत नळाला कुणी मोटार लावत नाही. सकाळी टाकीवरचा माणूस पावडर मोजून टाकतो आणि "तात्या, चुना!" अशी हाक देतो. हाक ऐकू आली नाही तर बायका भांडी घेऊन नगरपालिकेत जाऊन बसतात. नळ सोडल्यावर पहिलं तांब्याभर पाणी कुणी पीत नाही. ते झाडाला घालतात, तात्याला बाजूला सरकायला वेळ मिळावा म्हणून. मागे नवे पाइप टाकले, तेव्हा अण्णांच्या घरापुढचं गटार हलवून दूर नेलं, पण जुन्या पाइपाचा तो चिरेचा तुकडा लोकांनी हलवू दिला नाही.

आणि कधी पाण्याला पावडरीचा वास जरा जास्त येतो. पाहुणा नाक मुरडतो. तेव्हा घरातली माणसं तक्रार करत नाहीत. आवाज खाली आणून त्याला एवढंच सांगतात,

"हळू. आत्ताच जेवण झालंय त्यांचं, तंबाखू मळतायत."