पोस्टकार्डाचा चौथा कोपरा

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गुरुजी राहत. जुनी कागदपत्रे वाचण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. बुद्धीने तल्लख, पण अंमळ घाईचा. एकदा रद्दीच्या दुकानात, एका पोथीच्या पानांत त्याला पिवळे पडलेले पोस्टकार्ड सापडले. मजकूर जेमतेम दोन ओळींचा. 'पत्र मिळताच सर्वांनी निघून येणे. बाकी भेटीअंती.' आणि कार्डाचा एक कोपरा गायब!

आता कोपरा फाडलेले कार्ड म्हणजे मृत्यूची वार्ता, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. शिष्य कामाला लागला. शाळेचे दाखले, मतदारयाद्या, देवळातल्या देणगीच्या फरशा, काही म्हणून सोडले नाही. पत्र धाडणारा बाप सापडला, ज्या लेकीला धाडले ती सापडली. लेकीचा धाकटा भाऊ विश्राम मात्र ऐन विशीत गावच्या कागदांतून नाहीसा झालेला. झाले! शिष्याने निबंध लिहून काढला, 'तरण्या मुलाच्या मृत्यूचे पत्र'. रविवारी तो ग्रंथालयाच्या सभेत वाचायचा होता. आयुष्यातला पहिलाच निबंध; त्याला रात्र रात्र झोप नव्हती.

गुरुजींनी निबंध वाचला, कार्ड उलटसुलट करून पाहिले. "या घरात आज कोण आहे?"

"त्या लेकीची मुलगी. भागूबाई. सत्तरीच्या पुढे आहेत. कार्डावर पत्ता आहे त्या निंबगावातच असतात."

"भेटलास?"

"नाही गुरुजी. जुने दुःख कशाला उकरायचे?"

गुरुजी उठले, फडताळातला पेढ्यांचा पुडा काढून त्याच्या हाती दिला. "हा त्यांना दे. कार्डही दाखव."

शिष्य चाटच पडला. मरणाच्या घरी पेढे! गुरुजींना वयाने चळ लागला की काय? पण शब्द मोडवेना. मनात चडफडत तो एसटीत बसला.

भागूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. कार्ड पाहताच त्यांच्या हातातली शेंग गळाली. "अगं बाई! हे कुठं गावलं तुला? आईची पोथी पोरांनी रद्दीत घातली, तवापासून जिवाला चैन नव्हती बघ."

शिष्य चाचरला. "हे मामा वारल्याचं पत्र ना?"

"शुभ बोल रे नाऱ्या! मामा रागानं घर सोडून गेला होता. सात वर्षं पत्ता नाही. आजोबांचं हे असं तुटक पत्र आलं, आई मला काखोटीला मारून रडत रडत माहेरी गेली, तर दारात भाऊ उभा! पुढं पुण्यात संसार केला त्यानं. नव्वदीचा होऊन गेला."

"मग हा कोपरा?"

"तो मी खाल्ला! दात येत होते मला. वाटेत गप बसावी म्हणून आईनं हातात दिलं, तर मी तोंडात घातलं."

बोलता बोलता त्यांनी कार्ड उराशी धरले. निबंधाचा एकुलता एक पुरावा तो. पण परत मागायला शिष्याची जीभ रेटेना. पेढे देऊन, नमस्कार करून तो रिकाम्या हाताने परतला.

"गुरुजी, तुम्हांला कसे कळले?"

"काय घडले ते मलाही ठाऊक नव्हते," गुरुजी म्हणाले. "पण बाळा, मरणाचे कार्ड आपण वाचताक्षणी फाडतो, घरात ठेवत नाही. हे तर कुणीतरी जन्मभर पोथीत जपले. तू गेलेला एक कोपरा वाचलास, राहिलेले तीन वाचायचे राहिले. कागद काय सांगतो हे पाहण्याआधी तो कुणी जपला, ते विचारावे. आणि विचारायला माणूस हयात असेल, तर त्याच्या दारी जावे."

शिष्याने निबंध फाडला आणि नव्याने लिहिला. रविवारी सभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, "सगळे ठीक, पण कार्ड कुठे आहे? आणि तो कोपरा?"

पहिल्या रांगेत, शिष्याने आग्रहाने बोलावलेल्या भागूबाई बसल्या होत्या. त्यांनी पदराआडून कार्ड काढून उंच धरले, आणि दुसऱ्या हाताने आपल्या बोळक्या तोंडाकडे बोट दाखवून खुदकन हसल्या.